विसरलेली ग्रेव्ही

पहिला घास तोंडात गेला आणि जोसेफीन मोय चावायची थांबली. कोर्टासमोरच्या चौकात दगडी कठड्यावर, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा घेऊन ती बसली होती. वारा कागदी रुमाल उडवू पाहत होता आणि तिने तो कोपराखाली दाबून धरला होता. समोरून माणसं कॉलरी वर करून लगबगीने चालली होती, प्रत्येकाच्या हातात कसली ना कसली खाण्याची पिशवी. शिकागोच्या त्या भागात दुपारी सगळेच धावतपळत जेवतात. तीही रोज तशीच जेवायची. पण आता तो घास तिने जिभेवर तसाच धरून ठेवला. कडेला कुरकुरीत तळलेली अंड्याची जाड पोळी, तिच्या पोटात कांदा आणि मुगाचे लांब मोड, वरून ओतलेली दाट तपकिरी ग्रेव्ही. एग फू यंग. शहरातल्या कुठल्याही चिनी पार्सलवाल्याकडे मिळतं आणि सगळीकडे साधारण सारखंच लागतं. पण या ग्रेव्हीच्या तळाशी, सोयाच्या आणि मिठाच्या खाली, एक कडवट, किंचित करपल्यासारखी चव होती. कॉफी. सकाळची उरलेली, चुलीवर आटलेली काळी कॉफी. ग्रेव्हीत कॉफी घालणारी एकच बाई जोसेफीनला माहीत होती, आणि ती बाई, म्हणजे तिची आई, ही ग्रेव्ही करायची केव्हाच विसरून गेली होती.

खरं तर आज ती इथलं खाणारच नव्हती. साक्षी चालू असताना शब्द न शब्द यंत्रावर टिपून घ्यायचा, हे तिचं काम. छपराच्या कंत्राटावरून भांडणाऱ्या दोन इटालियन भावांचा खटला सोमवारपासून चालला होता, आणि न्यायाधीश बाईंनी आज जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणली होती. तिचं नेहमीचं सँडविचचं दुकान नळ फुटल्यामुळे बंद. दारावरचा कागद वाचून ती परत फिरली, तेव्हा कोर्टाचा शिपाई ड्वेन पायऱ्यांवर सिगारेट ओढत उभा होता.

"पुलाखाली एक नवीन चिनी झालंय बघ," तो म्हणाला. "एक मेक्सिकन बाई चालवते."

"मेक्सिकन बाई चिनी जेवण करते?"

"आणि तू चिनी असून इटालियन लोकांची भांडणं टाइप करत बसतेस. त्याचं काय? जा, रांग भराभर सरकते तिथली."

रांग खरंच भराभर सरकत होती. डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून रेल्वेगाडी गेली की दुकानाची काच थरथरायची. गल्ल्यावरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, जोसेफीनने मान वर न करता सांगितलं, डबा घेतला आणि ती बाहेर पडली. आत कोण रांधतंय हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही. पार्सल घेताना कोण बघतं? त्यांच्या स्वतःच्या दुकानात तरी कोणी बघितलं होतं? शिकागोजवळच्या सिसेरोमधलं ते कोपऱ्यावरचं दुकान, 'सिल्व्हर बेल'. तिचा बाप, बा, तळणाच्या कढईपाशी, आई, म्हणजे मा, परतायच्या वोकपाशी, आणि मधल्या खिडकीतून डबे बाहेर जायचे. गिऱ्हाइकांना दिसायचे ते फक्त हात. लग्नाआधी बा एका अमेरिकन खानावळीत कॉफी करायचा. दुकान काढलं तरी त्याची किटली दिवसभर शेगडीवर असायचीच. तिच्यातली उरलेली कॉफी माने एकदा ग्रेव्हीत ओतली, कशासाठी ते कोणालाच नीट सांगता यायचं नाही. बा म्हणायचा, चुकून ओतली. मा म्हणायची, मुद्दाम.

जोसेफीनला स्वयंपाकघरात मज्जाव होता. तांदळाच्या पोत्यांपाशी तिच्यासाठी एक घडीचं टेबल मांडलेलं असे. तिथे बसून ती गणितं सोडवायची, आणि वाफेपलीकडून माचा आवाज यायचा, "जोसी, नाक इकडे नको, पुस्तकात घाल!" कोळंबी सोलायला, कोबी चिरायला योली यायची. शेजारच्या गल्लीतली मेक्सिकन मुलगी योलांडा आरेओला, जोसेफीनच्याच वर्गातली. शाळा सुटली की दोघी बरोबरच चालत यायच्या. दारातून आत आलं की योली डावीकडे वळून एप्रन बांधायची आणि जोसेफीन उजवीकडे वळून दप्तर उघडायची. जोसेफीनने एकदा हट्टाने कोळंबी सोलायला घेतली, तेव्हा माने तिच्या हातातून सुरी काढून घेतली होती. तिची बोटं स्वतःच्या ओल्या, खरखरीत तळव्यात धरून उलटीपालटी करून बघितली होती. "हे हात या कामाचे नाहीत," ती म्हणाली होती. त्या वाक्यावर जोसेफीन वाढली. यंत्रावर बोटं चालवताना कधी कधी तिला त्या ओल्या तळव्याचा स्पर्श जाणवायचा. आपल्याला बाजूला ठेवलं ते जपण्यासाठी, असं तिने आयुष्यभर धरलं होतं. दुसऱ्या बाजूला योली होती, आणि तिचं जोसेफीनला थोडं वाईटच वाटायचं.

आता डब्यातली ग्रेव्ही वाऱ्याने साकळू लागली होती. तिने दुसरा घास घेतला. आपली चूक तर होत नाही ना, हे बघायला. चूक नव्हती.

बा गेला, दुकान विकलं, आणि त्या हिवाळ्यात जोसेफीनने माला म्हटलं होतं, मला ती ग्रेव्ही शिकव. मा शेगडीपाशी उभी राहिली. सगळं सामान ओट्यावर होतं. जोसेफीनने कॉफीसुद्धा करून ठेवली होती. माने पळी उचलली, भांड्यावर धरली आणि खाली ठेवली. "नाही आठवत," ती म्हणाली. "तुझा बाप होता तोवर हाताला माहीत होतं. आता हात विसरले." तिचा चेहरा इतका कोरा होता की जोसेफीन ओट्यावरचं सामान आवरू लागली. त्या दिवसानंतर ती माच्या विसरण्याचा माग काढू लागली. चष्मा फ्रिजवर राहिला, शेजारच्या मिसेस इंगचं नाव पटकन आलं नाही, गॅस मंद राहिला. तिने माला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे माने घड्याळाचं चित्र काढलं, सांगितलेले शब्द परत म्हणून दाखवले, आणि डॉक्टर म्हणाला, काळजीचं काही नाही, पण दुःखाने एखादी जागा पुसली जाते, लक्ष ठेवा. जोसेफीनने लक्ष ठेवलं. खणांवर चिठ्ठ्या डकवल्या, औषधांची वारांप्रमाणे खण असलेली डबी आणली, मा राहायची त्या चायनाटाउनमधल्या वृद्धांच्या इमारतीत दर संध्याकाळी चक्कर मारू लागली. आणि तिच्या प्रियकराची, एलियटची, बदली पोर्टलंडला झाली तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नाही. एलियट विमानतळावर म्हणाला होता, "तुझी आई माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, जो." तिला त्या वाक्याची किळस आली होती. आईची भाकर खाऊन वाढलेल्या मुलीला असं कोणी म्हणतं? तो वर्षभर फोन करत राहिला. मग एका वसंतात त्याच्या लग्नाचं कार्ड आलं, त्यावर एक होडी होती. ते कार्ड तिने माला दाखवलं होतं. मा कार्डाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "होडी कशाला?"

ती उठली. डबा हातात तसाच. सुट्टी संपत आली होती, पण तिचे पाय पुलाखालच्या दुकानाकडे वळले. जाताना तिने स्वतःला पन्नास गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या कोणालाही सुचू शकतं. कॉफी ही काय जगावेगळी वस्तू आहे? योलीने तेव्हा पाहून ठेवलं असेल. योलीनेच काढलं असेल दुकान, चांगलंच आहे, मेहनती पोरगी. या शेवटच्या विचारावर ती जरा थांबली, कारण तो खरा असावा असं वाटलं. योलीला भेटू, हसू, माला सांगू. कदाचित इथलं खाऊन माला आठवेलसुद्धा. ही आशा एवढी ताजी होती की चालता चालता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रांग आता थोडकी होती. या वेळी तिने मान वर केली. गल्ल्यामागे डबे सरकवायची चौकोनी खिडकी होती आणि तिच्यातून स्वयंपाकघराचा एक तुकडा दिसत होता. योली. खांदे रुंद झालेले, केस जाळीत बांधलेले, पण हनुवटीवरचा तीळ तोच. आणि तिच्या शेजारी, उलट्या ठेवलेल्या बादलीवर एक पाय टेकवून, एप्रन बांधून उभी होती मा. मंगळवार होता. मंगळवारी आणि गुरुवारी मा चर्चच्या वृद्ध मंडळात जात असे. तिथे बिंगो खेळतात, दुपारी सूप देतात. जोसेफीन सोडायला येते म्हणाली तर मा म्हणायची, बस येते ना न्यायला.

योलीने पळी पुढे केली. "मा, चाख."

मा. योली तिला मा म्हणत होती.

माने चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत असं काहीतरी म्हणाली की योलीने कपाळावर हात मारून घेतला. मग मा हसली. डोकं मागे टाकून, दातांची कवळी दिसेल इतकं. हातातल्या पळीने तिने योलीच्या ढुंगणावर चापट मारली. जोसेफीनने आईला असं हसताना कधी बघितलं होतं? ती आठवू लागली आणि तिला काहीच आठवेना. तांदळाच्या पोत्यांपाशी बसून वाफेपलीकडचं तिला फक्त ऐकू यायचं. पाठ स्वयंपाकघराकडे असायची, टेबल तसंच मांडलेलं होतं. तेव्हाही मा अशीच हसत असेल का? आपण गणितं सोडवत होतो आणि आपल्या पाठीमागे हे सगळं चाललं होतं?

"पुढे कोण?" गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "मॅडम? तुम्हाला काय देऊ?"

"काही नाही," जोसेफीन म्हणाली. बाहेर आल्यावर तिने डबा कचऱ्याच्या पिंपात टाकला. झाकण हाताला चिकटलं होतं, ग्रेव्ही बोटांना लागली होती. पुसायला रुमाल नव्हता. कोर्टात शिरेपर्यंत ती हात अंगापासून लांब धरून चालत होती.

दुपारभर धाकट्या भावाची उलटतपासणी झाली. वकील विचारत होता आणि तो म्हणत होता, मला आठवत नाही. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? आठवत नाही. सही तुमची आहे? आठवत नाही. जोसेफीनची बोटं ते उतरवत राहिली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने किती जणांच्या तोंडून घेतलं असेल. तिला नेहमी कळायचं. खोटं विसरणारा माणूस लवकर उत्तर देतो, प्रश्न संपायच्या आत. खरोखर विसरलेला माणूस आधी शोधतो, डोळे इकडेतिकडे फिरवतो. हे तिने एलियटला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं एकदा. मग शेगडीपाशी माने शोधलं होतं का? पळी धरून किती वेळ उभी होती ती? एकदम तिच्या लक्षात आलं की वकील थांबलाय आणि न्यायाधीश बाई तिच्याकडे बघताहेत.

"शेवटचं उत्तर वाचून दाखवा, मिस मोय."

तिने यंत्रातली कागदाची पट्टी वर केली आणि वाचलं, "मला आठवत नाही." तिचा आवाज इतका मोठा आला की साक्षीदार दचकून तिच्याकडे बघू लागला.

संध्याकाळी तिने आपल्या किल्लीने माचं दार उघडलं. मा सपाता घालून टीव्हीसमोर संत्रं सोलत बसली होती. हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या. फ्रिजवर, खणांवर जोसेफीनच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. चमचे. चहा. गॅस बंद केला का?

"जेवलीस?" माने विचारलं.

"हो. तू काय केलंस आज?"

"काय करणार? बिंगो. मिसेस इंग जिंकली. लबाड आहे मेली, खालचा आकडा वर करून दाखवते. आणि सूप पाणचट. मी म्हटलं, याच्यात कोंबडी पोहून गेली वाटतं." मा स्वतःच हसली आणि संत्र्याची एक फोड तिच्यापुढे केली. किती सहज बोलत होती. एखादा कसलेला साक्षीदार इतका सुरेख तपशील देऊ शकला नसता. जोसेफीनने फोड घेतली नाही. दारात उभ्या उभ्याच, कोट न काढता ती म्हणाली,

"ग्रेव्हीत मीठ जास्त झालं होतं."

माची बोटं थांबली. टीव्हीवरची बाई उद्याच्या वाऱ्याचं सांगत होती. मग मा हळूच, जवळजवळ दुखावल्यासारखी म्हणाली, "मीठ जास्त नव्हतं."

बस, एवढंच. तेवढ्यावर दोघींना सगळं कळलं. माने संत्रं ताटलीत ठेवलं, हात एप्रनला पुसायला गेली आणि एप्रन नाही हे लक्षात आल्यावर गाऊनला पुसले.

"किती दिवस?" जोसेफीनने विचारलं.

"योलीने दुकान काढलं तेव्हापासून. आधी तिच्या घरी शिकवत होते."

"तू म्हणालीस विसरले."

"म्हणाले."

"मी तुला डॉक्टरकडे नेलं, मा! त्या माणसाने तुला घड्याळ काढायला लावलं. तू काढलंस. गपचूप काढलंस!"

"चांगलं काढलं होतं," मा म्हणाली. मग तिने टीव्ही बंद केला. "तू शिकव म्हणालीस तेव्हा तुझ्या हातात काय होतं? सांग ना. फोन होता. माझा सिनेमा काढायला उभी होतीस. तुझा बाप जाऊन दोन महिने झाले नव्हते. मी बघितलं तुझ्याकडे. शिकायला आलीच नव्हतीस तू. मी मेल्यावर बघायला तुला काहीतरी हवं होतं. मी पळी खाली ठेवली. मी म्हटलं, नाही आठवत. झालं."

"मग नंतर सांगायचंस! दुसऱ्या दिवशी सांगायचंस!"

"दुसऱ्या दिवशी तू चिठ्ठ्या घेऊन आलीस." माने फ्रिजकडे हनुवटी केली. "मग रोज येऊ लागलीस. बरं वाटलं मला. खोटं नाही सांगत. लेक रोज येते. कोणाची येते या इमारतीत? मिसेस इंगचा मुलगा नाताळला येतो, आणि तोही जेवून जातो." 

जोसेफीन भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं, मा रडेल, निदान खाली तरी बघेल. मा सरळ तिच्याकडे बघत होती. भांडखोर गिऱ्हाईक आलं की गल्ल्यापाशी येऊन ती अशीच बघायची.

"एलियट गेला," जोसेफीन म्हणाली. "मी राहिले. तुला माहीत होतं मी का राहिले."

"मी तुला थांब म्हटलं नव्हतं."

"जा तरी म्हणायचंस!"

माने ताटलीतल्या साली गोळा केल्या, पुन्हा पसरल्या. "ते नाही म्हणता आलं," ती शेवटी म्हणाली. "रोज ठरवायचे. तू यायचीस, पायातले बूट काढायचीस, आणि मग नाही म्हणता यायचं."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. जोसेफीनला वाटलं, आता मा म्हणेल, ये, शिकवते. तिने तसं म्हणावं असं जोसेफीनला वाटत होतं का? ती वाट बघत होती हे मात्र खरं. आणि मा म्हणाली, "जोसी, तिथे येऊ नकोस हं."

"काय?"

"दुकानात. दुपारी. तू आलीस की मी 'जिना सांभाळून उतर, गोळी घेतली का' असं विचारावं लागणारी म्हातारी होते. योलीला माहीतच नाही मी किती वर्षांची आहे. ती माझ्यावर ओरडते. मी तिच्यावर ओरडते. तेवढं राहू दे मला."

"ठीक आहे," जोसेफीन म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटावं इतका आवाज शांत होता. लहानपणापासून ती असंच म्हणत आली होती. सुरी दे. ठीक आहे. तिकडे बस. ठीक आहे. तिने औषधांच्या डबीचं मंगळवारचं झाकण सवयीने उघडून पाहिलं, गोळी घेतलेली होती. मग ती निघाली. दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बोळात लिफ्टचं बटण दाबून उभी राहिली. हात कोटाच्या खिशात घातले तर बोटं अजून चिकट लागत होती, की तसं वाटत होतं.

दाराआडून माचा आवाज आला. फोनवर, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, मोठ्याने, कारण फोनवर मोठ्याने बोलावं लागतं असं तिला अजून वाटायचं.

"हो, योली, आली होती. कळलं तिला. नाही नाही, नाही रागावली. जोसी नाही रागावत. समजूतदार आहे माझी पोर, पहिल्यापासूनच."

लिफ्ट आली. दार उघडलं, आतला दिवा तिच्या बुटांवर पडला. रोजच्या सवयीने तिने एक पाय आत टाकलासुद्धा. मग काढून घेतला. किल्ली खिशात होती, तरी तिने बेल वाजवली. लांब, बोट न काढता. सपातांचा घसटत येणारा आवाज ऐकू आला. साखळी निघाली, आणि फोन कानाला लावलेली मा दारात उभी राहिली.

"काय विसरलीस?"

"मी रागावलेय, मा," जोसेफीन म्हणाली. ओठ थरथरत होते, ते तिने थरथरू दिले. "खूप रागावलेय. सांग तिला."

मा तिच्याकडे बघत राहिली. फोनमधून योली विचारत होती, काय झालं, कोण आहे? माने फोन कानापासून दूर नेला, काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने फोन परत कानाला लावला.

"ती म्हणते, रागावलीय," मा म्हणाली. आणि दार धरून एका बाजूला सरकली.